पैसे आणि चाव्या ज्याच्या हाती द्यायच्या, त्याची चौकशी कशी करावी

लहान कारखान्यात, घाऊक दुकानात किंवा दवाखान्यात रोखपाल, अकाउंटंट किंवा स्टोअरकीपर नेमताना चौकशी होते ती बहुतेक वेळा एका फोनपुरती. ‘ओळखीतला आहे ना?’ ‘हो, आमच्या साडूच्या गावचा. चांगला मुलगा आहे.’ एवढ्यावर चौकशी संपते आणि पुढच्या आठवड्यात त्या मुलाच्या हातात गल्ल्याची किल्ली असते.

यात चूक ओळखीची नाही. ओळखीतून आलेला माणूस उत्तम निघू शकतो. पण शब्द टाकणाऱ्याने त्या मुलाला कधी पगार दिलेला नसतो, त्याच्याकडून कधी हिशेब घेतलेला नसतो. तो घराण्याची हमी देत असतो आणि तुम्ही ती कामाची हमी म्हणून घेता. म्हणून शिफारस करणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: ‘तुमच्या हाताखाली याने काम केलंय का? तुमचे पैसे किंवा माल याच्या हातात होता का?’ दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर आभार माना, त्या माणसाचा अर्ज घ्या आणि बाकी सगळ्यांसारखीच त्याचीही चौकशी करा. साडूला वाईट वाटू नये म्हणून आधीच सांगून ठेवा की आमच्याकडे सगळ्यांचीच होते.

आधी जागेची चौकशी, मग माणसाची

जाहिरात देण्याआधी एका कागदावर लिहून काढा की या जागेवरच्या माणसाच्या हातून काय काय जाणार. दिवसाला रोख किती? बँकेत भरणा कोण करणार? गोदामाची किल्ली कोणाकडे? टॅलीत जुनी नोंद बदलायची मुभा आहे का? नेटबँकिंगचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? पुरवठादाराचा खाते क्रमांक कोण बदलू शकतो?

या कागदावरून चौकशी किती खोल करायची ते ठरतं. पॅकिंगच्या हेल्परला ओळखपत्र आणि मागच्या मालकाला एक फोन पुरे. रोखपाल, अकाउंटंट, स्टोअरकीपर यांच्यासाठी मात्र पुढचं सगळं करावं. सगळ्यात जास्त फसगत होते ती मधल्या जागांवर. टेम्पोबरोबर जाणारा पोरगा हुद्द्याने हेल्पर असतो, पण संध्याकाळी चाळीस-पन्नास हजारांची वसुली खिशात घेऊन येतो. त्याची चौकशी हेल्परची होते आणि त्याच्यावर विश्वास रोखपालाएवढा टाकला जातो. तेव्हा चौकशी हुद्द्यावरून ठरवू नका, हातून काय जातं त्यावरून ठरवा.

एका उमेदवाराची पूर्ण चौकशी करायला दोन-तीन तास जातात, तेही तुकड्यातुकड्याने आठवडाभर. म्हणून ती शेवटच्या दोघांचीच करा.

अर्जाचा कागद

बायोडेटावर विसंबू नका, तो उमेदवाराने त्याच्या सोयीने मांडलेला असतो. स्वतःचा छापील अर्ज ठेवा, दोन पानी, मराठीत. गेल्या सात वर्षांचा हिशेब महिन्यासह मागा: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, दुकान-कारखान्याचं नाव आणि पत्ता, थेट वरिष्ठ कोण, शेवटचा हातात येणारा पगार, सोडण्याचं कारण, नोटीस किती दिवसांची दिली, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, मिळालं का. ‘२०१९–२०२१’ एवढंच लिहिलं तर त्यात चौदा महिनेही लपतात आणि छत्तीसही मावतात. महिना लिहायला लावला की बरेच जण आपणहूनच तारखा दुरुस्त करतात.

नोकरी नसलेल्या काळासाठी वेगळी रेघ ठेवा आणि शेजारी छापा: ‘घरचं आजारपण, शेती, बाळंतपण, शिक्षण, कामाचा शोध, काहीही असू शकतं.’ मोकळा काळ हा दोष नाही हे लेखी दिसलं की तो झाकण्यासाठी खोटं अनुभवपत्र आणण्याचं कारण उरत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये तर असंख्य लोकांची नोकरी स्वतःची काहीही चूक नसताना गेली.

शेवटी संमती. ती सही घेतल्याशिवाय एकही फोन करू नका. मजकूर असा ठेवता येईल:

‘मी दिलेल्या माहितीची खात्री करण्यासाठी वर लिहिलेल्या मालकांशी व वरिष्ठांशी बोलण्यास आणि माझे शिक्षणाचे व पीएफचे तपशील माझ्यासमोर पाहण्यास माझी संमती आहे. सध्याच्या मालकाशी माझ्या लेखी होकाराशिवाय बोलू नये. माझी निवड न झाल्यास माझ्या कागदांच्या प्रती नष्ट कराव्यात.’

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये नोकरीसाठी माहिती वापरायला काही मोकळीक आहे. तरी स्पष्ट शब्दांतली संमती दोघांच्याही हिताची. शिवाय ही सही दाखवता आली की समोरचा जुना मालक मोकळा बोलतो.

सध्याच्या मालकाबद्दलचं वाक्य गाळू नका. तुमच्या एका फोनमुळे हातातली नोकरी जाऊ शकते आणि तुमची नोकरी तर अजून मिळालेली नसते. तिथली चौकशी नेमणूकपत्र दिल्यानंतर, उमेदवाराने राजीनामा दिल्यावर करायची.

मुलाखतीत काय काढून घ्यायचं

‘तुम्ही प्रामाणिक आहात का?’ याला सगळे हो म्हणतात. कामाचा तपशील विचारा. रोखपालाला विचारा, ‘रोज संध्याकाळी गल्ला कसा जुळवायचा? पाचशेच्या नोटा कोण मोजायचं? फरक आला तर कोणाला सांगायचा? शेवटचा फरक किती होता?’ ज्याने खरोखर गल्ला सांभाळलाय तो लगेच सांगेल: कधी वीस रुपये जास्त, कधी पन्नास कमी, एकदा पाचशेचा फरक आला तो यूपीआयचं बिल रोखीत चढलं म्हणून. ‘कधीच फरक आला नाही’ म्हणणाऱ्याला तिथेच सोडू नका. एक तर त्याने गल्ला सांभाळलेला नाही, नाही तर तो फरक दुसऱ्या दिवसावर ढकलत आलेला आहे.

मग प्रत्येक जुन्या नोकरीबद्दल एकच प्रश्न: ‘आम्ही तुमच्या साहेबांना फोन करणार आहोत. तुमचं काय चांगलं सांगतील आणि काय कमी सांगतील?’ उत्तर शब्दशः लिहून ठेवा. उद्या फोनवर साहेब काय सांगतात ते याच्या शेजारी ठेवायचं आहे. ‘उशिरा यायचो, त्यावरून दोनदा बोलले’ असं आधीच सांगणारा माणूस साहेबांनी तेच सांगितल्यावर तुमच्या नजरेत वर चढतो.

कामाचा नमुना जरूर करून घ्या. अकाउंटंटला महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि कॅशबुकची तीस ओळींची नक्कल द्या, त्यात तीन चुका पेरलेल्या: एक धनादेश दोनदा चढलेला, एक आकडा उलटा लिहिलेला, म्हणजे ४,५६० च्या जागी ४,६५०, आणि बँकेचे चार्जेस राहून गेलेले. चाळीस मिनिटं द्या. स्टोअरकीपरला रॅकवरचे बारा आयटम मोजून बिन कार्डाशी, म्हणजे रॅकवरच्या आवक-जावकीच्या कार्डाशी, ताडायला सांगा. चुका किती सापडल्या हे पाहा, पण जी सापडली नाही तिच्याबद्दल तो काय म्हणतो याकडे जास्त लक्ष द्या. ‘इथे दोनशेचा फरक राहतोय, मला कारण मिळालं नाही’ असं लिहून देणारा माणूस ठेवावा. आकडा बळंच जुळवून दाखवणाऱ्याला ठेवू नये.

यामागे अभ्यासही आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं. नोकरीतल्या कामगिरीशी रेफरन्सचा, म्हणजे मागच्या मालकाच्या अभिप्रायाचा, संबंध (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.२६ इतकाच निघाला, कामाच्या नमुन्याचा ०.५४. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे आकडे नव्याने तपासले तेव्हा नमुन्याचा आकडा ०.३३ वर उतरला आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२ वर सगळ्यात पुढे गेली. गप्पांसारखी मोकळी मुलाखत ०.१९ वरच राहिली. तेव्हा दोन्ही उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा.

कागद

अनुभवपत्र कोणीही छापून आणतं. लेटरहेडवरचा फोन नंबर तर कधीच वापरू नका. खोट्या पत्रावर तो नंबर मित्राचाच असतो. त्याऐवजी पत्रावरचा जीएसटी क्रमांक घ्या आणि जीएसटी पोर्टलवर शोधा. नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं लॉगिनशिवाय दिसतं. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. नाशिकच्या पत्त्याखाली २४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर तो गुजरातचा आहे, मग विचारा. नोंदणी २०२२ ची आणि अनुभव २०१८ पासूनचा असेल तरीही विचारा. कारण साधं असू शकतं: प्रोप्रायटरी दुकानाची प्रायव्हेट लिमिटेड झाली की क्रमांक बदलतो. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्या स्थापनेची तारीख मिळते.

पगारस्लिपवरची बेरीज करून पाहा. मूळ पगार १२,००० असेल आणि पीएफ त्यावर कापला असेल तर कपात १२ टक्के, म्हणजे १,४४०. एकूण वेतन १८,००० असेल तर ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात ०.७५ टक्के, म्हणजे १३५. एकूण २१,००० च्या वर असलेल्या स्लिपवर ईएसआय दिसला तर कारण विचारायचं, कारण वर्षाच्या मध्ये पगार वाढला तर तो हप्ता काही महिने चालू राहतो. आणि फेब्रुवारीची स्लिप आवर्जून मागा. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० व्हावेत म्हणून. बारा स्लिपा एकाच साच्यातून काढणाऱ्याला हे बहुधा माहीत नसतं. एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही, त्यामुळे त्यांच्या स्लिपवर तो नसणंच बरोबर. मात्र काही मालक स्लिपा ढिसाळपणे काढतात. आकडा चुकला म्हणजे स्लिप खोटी असं नाही, बँक खात्यातल्या जमेशी ताडायचं.

पीएफचा इतिहास हा सगळ्यात उपयोगी कागद. यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक, बारा आकडी असतो आणि नोकऱ्या बदलल्या तरी तोच राहतो. उमेदवाराला त्याच्याच मोबाइलवर ईपीएफओच्या (पीएफ संघटनेच्या) सदस्य पोर्टलवर लॉगिन करून ‘सर्व्हिस हिस्ट्री’ उघडायला सांगा. पासवर्ड किंवा ओटीपी तुम्ही मागू नका, तो सांगू लागला तरी घेऊ नका. तिथे प्रत्येक आस्थापनेचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. अर्जात न लिहिलेली नोकरी सापडते ती इथेच.

पण हा कागद वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. कारखान्यात कंत्राटावर असलेल्याच्या खात्यावर कंत्राटदाराचं नाव येतं. चाकणच्या मोठ्या कंपनीत तीन वर्षं काढलेल्या माणसाच्या खात्यावर तुम्ही कधी न ऐकलेली एजन्सी दिसेल आणि तरीही तो खरंच बोलत असेल. अशा वेळी गेटपास किंवा कंपनीचं ओळखपत्र पाहा. दुसरं, सोडल्याची तारीख बरेच मालक भरतच नाहीत, म्हणून ‘अजून तिथेच आहे’ असं दिसतं. तिसरं, वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला पीएफ सहसा लागूच नसतो. तिथे कोरं पान हा पुरावा नाही.

पगारातून टीडीएस कापला जात असेल तर २६एएस या आयकर खात्याच्या विवरणात मालकाचं नाव येतं. त्या माणसाने ते स्वतः डाउनलोड करून दाखवावं. बँक स्टेटमेंट मागाल तर शेवटच्या तीन महिन्यांत पगार जमा झाल्याच्या ओळीच पाहा. बाकीच्या ओळी झाकायची त्याला मुभा द्या. त्याच्या घरचा हप्ता किती आहे याच्याशी तुमचा संबंध नाही.

शिक्षणाचे कागद डिजिलॉकरमधून तुमच्यासमोर उघडले तर उत्तम. मूळ प्रत पाहा आणि तिथल्या तिथे परत करा. सनद, मार्कशीट ‘जमा’ करून घेण्याची पद्धत बंद झाली पाहिजे, तो माणसाला डांबून ठेवण्याचा प्रकार आहे. आधार घ्यायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या. आधार कायद्याच्या कलम ५७ मधला, खासगी संस्थांना आधार वापरू देणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केला. पीएफच्या नोंदणीला आधार लागतं, पण ती वेळ नेमणुकीनंतर येते. ओळखीसाठी पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना चालतो.

मागच्या मालकाला फोन

दोन माणसांशी बोला. एक थेट वरिष्ठ. दुसरा असा की ज्याचा या माणसाशी हिशेबाचा संबंध आला: दुकानाचे सीए, माल देणारा डीलर, कारखान्याचा परचेसवाला. एचआरकडून तारखा कळतात, काम कळत नाही.

वेळ बघून फोन करा. दुकानदाराला दुपारी तीन ते चार, काउंटरला गर्दी नसते तेव्हा. महिन्याचा पहिला आठवडा पगाराचा, तो टाळा. अकाउंटच्या माणसाला ११ आणि २० तारखेच्या आसपास फोन करू नका, जीएसटीच्या रिटर्नची धावपळ असते. घाईत असलेला माणूस ‘चांगला होता’ म्हणून फोन ठेवतो.

सुरुवात अशी: ‘नमस्कार साहेब, वाळूजहून बोलतोय, आमचं हार्डवेअरचं घाऊक काम आहे. तुमच्याकडे स्टोअरला जे होते, त्यांनी आमच्याकडे अर्ज केलाय. तुमचं नाव त्यांनीच दिलंय, बोलायला त्यांची सही आहे, हवी तर व्हॉट्सॲपवर पाठवतो. दहा मिनिटं मिळतील का? आत्ता जमत नसेल तर वेळ सांगा.’

आधी कोरडे प्रश्न, ज्यांची उत्तरं देताना कोणालाच अवघडत नाही: कधीपासून कधीपर्यंत होते, काम काय, हाताखाली कोण होतं. तारखा तुम्ही सांगून ‘बरोबर ना?’ असं विचारू नका, त्यांनाच सांगू द्या. मग काम:

‘स्टॉक मोजल्यावर फरक निघायचा का?’

‘निघायचा थोडाफार.’

‘थोडाफार म्हणजे किती? शेवटच्या मोजणीत?’

‘बेअरिंगचे चार-पाच नग कमी भरले होते.’

‘मग?’

‘त्यानेच आधी येऊन सांगितलं. दोन चलानं चढवायची राहिली होती, ती शोधून काढली.’

एवढं ऐकायला मिळालं की त्या माणसाबद्दल तुम्हाला पुष्कळ कळलं. ‘प्रामाणिक होता का?’ हा प्रश्न विचारलात तर ‘हो हो, एकदम’ असं उत्तर येतं आणि हाती काही लागत नाही. प्रत्येक विशेषणाच्या मागे ‘म्हणजे कसं? एखादी गोष्ट सांगा ना’ एवढं जोडा आणि गप्प बसा. चार-पाच सेकंदांची शांतता भरून काढायला समोरचा माणूस जे बोलतो, त्यातच बरेचदा खरं असतं.

यानंतरचे प्रश्न या क्रमाने:

१. त्यांच्या हातात रोख किंवा किल्ल्या होत्या का, किती दिवसांनी दिल्या?
२. उचल घ्यायचे का, परत कशी फेडायचे?
३. सोडताना चार्ज कोणाला दिला, काही द्यायचं-घ्यायचं बाकी आहे का?
४. का सोडलं?
५. उद्या जागा निघाली तर पुन्हा घ्याल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात वजनदार, पण त्याचं उत्तर उलगडून घ्यावं लागतं. ‘नाही घेणार’ म्हणाले तर ‘कोणत्या कामासाठी नाही?’ असं विचारा. काउंटरला नको पण गोदामाला चालेल, असंही निघतं. ‘सीझनमध्ये सोडून गेला’ म्हणून दिवाळीपासून धरलेला राग असेल. ओव्हरटाइम किंवा पीएफ मागितला म्हणून नकोसा झालेला असेल, तशा माणसावर फुली मारू नका. उलट, तोंड भरून स्तुती आणि तपशील एकही नाही, असं झालं तर दुसरा माणूस शोधून बोला. नको असलेल्याला वाटेला लावण्यासाठीही स्तुती होते.

चोरीचा आरोप कानावर आला तर तीन गोष्टी विचारा. तुम्ही स्वतः पाहिलं की कोणी सांगितलं? त्याला विचारलं होतं का, तो काय म्हणाला? लेखी काही झालं का, नोटीस, तक्रार? तिन्हींना गोलमोल उत्तर आलं तर ती अफवा आहे, आणि अफवेवर एखाद्याच्या घराची चूल बंद करायची नाही.

जात, धर्म, लग्न, मूलबाळ, युनियन, राजकारण यांबद्दल विचारू नका. समोरचा आपणहून सांगू लागला तर विषय बदला आणि ते कागदावर लिहू नका.

समोर खरोखर मालकच आहे का अशी शंका आली तर अर्जात नसलेलं विचारा: दुकानाची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, स्टॉक वर्षातून किती वेळा मोजता, माल कुठून येतो. भोसरी-पिंपरीकडच्या कित्येक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. तिथला ‘सुपरवायझर’ रविवार म्हणाला तर खटकलं पाहिजे. दुकान जवळपास असेल तर सरळ जाऊन या. अर्ध्या तासाच्या फेरीत जे दिसतं ते फोनवर कळत नाही.

दोन बाजू जुळल्या नाहीत तर

एक-दोन महिन्यांचा फरक सोडून द्या, तारखा कोणाला आठवत नाहीत. पगार दोन-तीन हजारांनी वाढवून सांगितला असेल तर तोही मोठा गुन्हा धरू नका. बाजारात जुन्या पगारावरूनच नवा ठरतो, त्या भीतीपोटी माणूस तसं बोलतो. नोकरी लपवणं, हुद्दा वाढवणं, खोटं पत्र आणणं हे मात्र वजनाने वेगळं.

काहीही निघालं तरी निर्णयाआधी उमेदवाराला समोर बसवून विचारा. कोणी सांगितलं ते उघड करू नका. ‘जून ते नोव्हेंबर कुठे होतात, जरा पुन्हा सांगाल का?’ एवढं पुरे. सहा महिन्यांची लपवलेली नोकरी पगार थकवल्यामुळे सोडलेली असू शकते. नवं कारण ऐकलं तर तेही पडताळा. एक खोटं झाकायला दुसरं आलं की मग मात्र थांबा.

ज्यांच्याकडे मागचा मालकच नाही त्यांना बाद करू नका. दहा वर्षांनी कामावर परतणारी बाई बचत गटाची सचिव असेल तर गटाचं वहीखातं आणि बँकेतले हप्ते यासारखा रेफरन्स नाही, गटाच्या अध्यक्षांशी आणि बँकेतल्या माणसाशी बोला. पतसंस्थेसाठी पिग्मी गोळा केलेल्या पोराने रोज शंभर घरांतून पैसे उचलून संध्याकाळी भरलेले असतात. गणेश मंडळाचा खजिनदार, कॉलेजच्या मेसचा हिशेब ठेवलेला विद्यार्थी, बापाच्या किराणा दुकानात उधारीची वही सांभाळलेली मुलगी, सगळीकडे पैशाचा माग निघतो. गावाहून नवीन आलेल्याच्या बाबतीत गावच्या पोलीस पाटलांना विचारता येतं.

पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळते. पहारेकरी, हॉस्टेल, रोख नेणारी गाडी अशा जागांना ती घ्यावीच. पण तिचा अर्थ नीट समजून घ्या: नोंद नाही, इतकंच ते प्रमाणपत्र सांगतं. नोकरीत अफरातफर करणाऱ्यांपैकी बहुतेकांवर आधी कधीच गुन्हा दाखल झालेला नसतो. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधाल तर एकाच नावाची वीस माणसं निघतील. वडिलांचं नाव, वय आणि तालुका जुळल्याशिवाय काही ठरवू नका, आणि चालू खटला म्हणजे दोष सिद्ध नव्हे.

नेमल्यानंतरचे पहिले सहा महिने

नेमणूकपत्रात एक ओळ हवी: ‘दिलेली माहिती खोटी आढळल्यास नेमणूक रद्द होऊ शकते.’ मग जबाबदारी पायऱ्यांनी द्या. पहिला महिना नोंदी, किल्ली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काउंटर, बँकेचा भरणा दुसऱ्याने करायचा. सहा महिन्यांनंतर पूर्ण चार्ज.

अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनल्ड क्रेसी यांनी १९५३ मध्ये अफरातफर केलेल्या कैद्यांशी बोलून जे मांडलं ते आजही लागू पडतं: कोणाला सांगता न येणारी पैशाची नड, हाताशी असलेली संधी, आणि ‘उसने घेतोय, पुढच्या महिन्यात ठेवीन’ अशी स्वतःची समजूत. चांगला माणूसही या तिन्हीत सापडतो. नड आणि समजूत तुमच्या हातात पूर्ण नाहीत, संधी आहे. पैसे घेणारा, नोंदवणारा आणि बँकेशी जुळवणारा एकच माणूस नको. दोनच माणसं असतील तर जुळवणी मालकाने स्वतः करावी, आठवड्यातून वीस मिनिटं. बँकेचे मेसेज मालकाच्याच मोबाइलवर यावेत. पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलायचा तर जुन्या नंबरवर फोन करूनच. महिन्यातून एकदा न सांगता गल्ला किंवा दहा आयटम मोजा, आणि नवा-जुना न बघता सगळ्यांचे. वर्षातून सलग आठवडाभर रजा सक्तीची ठेवा, त्या काळात त्याचं काम दुसरा करेल. बरेच गोंधळ अशा रजेतच बाहेर येतात.

नडीसाठी उचलीचा नियम स्पष्ट असावा: किती, किती हप्त्यांत, कोणाकडे मागायची. ज्याला आईच्या ऑपरेशनसाठी उघडपणे वीस हजार मागता येतात, त्याला गल्ल्याकडे बघावं लागत नाही.

कोरे धनादेश, मूळ प्रमाणपत्रं, डिपॉझिट यातलं काही घेऊ नका. नुकसान झालं म्हणून परस्पर पगार कापता येत नाही, आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. जोखीम खरंच मोठी असेल तर सर्वसाधारण विमा कंपन्या फिडेलिटी गॅरंटी पॉलिसी, म्हणजे नोकराच्या अफरातफरीने झालेल्या नुकसानीचा विमा, देतात. तिच्या अर्जात मागच्या मालकाकडे चौकशी केली का, हिशेब कोण तपासतं, असे प्रश्न असतात. तिथे लिहिलेली पद्धत प्रत्यक्षात पाळली नाही तर दावा अडकतो, म्हणून वरच्या फोनची टिपणं तारीख-वेळेसह फाइलला लावा.

आणि कधी फोन तुम्हालाच येईल. तेव्हा तारखा, काम, स्वतः पाहिलेलं आणि कागदावर असलेलं तेवढंच सांगा. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येते, पण विचारणाऱ्याच्या हितासाठी सद्भावनेने दिलेल्या माहितीला त्यात अपवाद आहे. संशय आणि ऐकीव गोष्टी त्या अपवादात बसतीलच असं नाही. सोडून जाणाऱ्याचा हिशेब आणि रिलीव्हिंग लेटर वेळेत द्या, पीएफवर सोडल्याची तारीख भरा. ती न भरल्यामुळे एखाद्याची पुढची नोकरी अडते.

निवड न झालेल्यांना त्याच आठवड्यात कळवा. त्यांच्या कागदांच्या प्रती फाडा, मोबाइलवर आलेले फोटो पुसा, व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधलेही.